हलायचं नाही

सामना रंगात आला की त्या घरात एकच कायदा चालायचा: जो जिथे बसलाय त्यानं तिथून हलायचं नाही, हललं की विकेट पडते. कायदा वडिलांचाच, पण अंमलदार आता थोरला. ऐन मोक्याला वडील खुर्चीतून अर्धवट उठले. "बाथरूमला जाऊन येतो रे." "बसा, बाबा! मागच्या वेळी तुम्ही उठलात आणि हातातला सामना गेला!" टीव्हीवरची नजर न काढता थोरला खेकसला. वडील मुकाट्यानं बसले. थोड्या वेळानं "अरे..." म्हणाले, तर त्यानं खुणेनंच गप्प केलं. अखेरच्या चेंडूवर षटकार गेला आणि पोराबाळांनी घर डोक्यावर घेतलं. "उठा की, जिंकलो!" म्हणत त्यानं वडिलांना दंड धरून उभं केलं. खुर्चीतली उशी भिजली होती. थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून वडील पुटपुटले, "मी हललो नाही हं."