रक्ताला आठवतं

लस टोचण्याआधी रक्तातल्या बी-पेशींची आठवण वाचायची, हा केंद्रावरचा रोजचाच शिरस्ता. शरीर कोणत्या जंतूशी लढलंय, ते यंत्र बिनचूक सांगे. आज मोठ्या भावाचा, दिगंबरचा, अहवाल पाहून कुमुद सिस्टर थबकली. ज्या विषाणूने आई गेली, तो दुसऱ्या कुणातच सापडला नव्हता. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दादाच्या रक्तात होती.

दादा शेवटी आईकडे फिरकलाच नाही, या रागाने तिने बारा वर्षं त्याला भाऊबीजेला ओवाळलं नव्हतं.

“दादा, तू आईच्या वॉर्डात गेला होतास? मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो, तर तू विचारलं असतंस, आई काय म्हणाली.”

“काय म्हणाली?”

दिगंबरने बाही खाली ओढली. “कुमुद का येत नाही, एवढंच विचारत होती.”