ताईंचा एजंट

"म्हणजे तीन महिने दुसऱ्या कुणाशी बोलायचंच नाही?" मास्तरांनी विचारलं.

"घर विकण्याबद्दल नाही," एजंट हसून म्हणाला. "बाकी हवं त्याच्याशी हवं ते बोला, काका."

बायकोही हसली. मास्तरांनी करारपत्र पालथं घातलं.

मास्तर कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप त्यांच्या डोक्यात तयार असायचं. या एजंटचा शर्ट डाव्या खांद्यावर अर्धा इंच उतरत होता. तेवढंच काय ते बरं वाटलं. बाकी माणूस नीटनेटका, चाळिशीचा, मऊ आवाजाचा. चहात साखर न घेणारा. ते त्याला सांगावंही लागलं नव्हतं, बायकोनं बिनसाखरेचा कप आपणहून त्याच्यापुढे सरकवला होता. वर ती त्याची ताई, आणि मास्तर मात्र काका.

महिन्याभरात तो चार वेळा येऊन गेला होता. चारही वेळा मास्तर कामावर होते.

"घर उजेडात बघावं लागतं," बायको म्हणाली होती.

आज रविवार, म्हणून मास्तर घरात होते. त्यांनी खिशातून दुसऱ्या दोन एजंटांची कार्डं काढून टेबलावर ठेवली.

"या दोघांनाही उद्या बोलावतो. तिघांकडे देऊ. ज्याचं गिऱ्हाईक आधी येईल, त्याचं काम."

बायकोनं कार्डांकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "हे कधी ठरवलंत?"

"आत्ता."

एजंटनं कप खाली ठेवला. "काका, गिऱ्हाईक सगळ्यांकडेच फिरत असतं. तेच घर त्याला तीन ठिकाणी तीन भावांत दिसलं, की त्याला वाटतं यात काहीतरी खोट आहे, म्हणून खपत नाही. आणि एजंटचं म्हणाल, तर तिघांपैकी एकही जीव तोडून धावत नाही. दुसऱ्यानं विकलं तर आपल्या चपला फुकट झिजल्या."

"आणि एकालाच दिलं, की तो पाय पसरून बसतो."

एजंटनं टेबलाखालचे पाय जवळ घेतले. बायकोनं ओठ दाबून हसू गिळलं. हे हसू आपल्या बोलण्यावर की त्याच्या पायांवर, ते मास्तरांना कळेना.

"अहो, त्यांनी घर नीट बघितलंय," ती म्हणाली.

"मीही बघतोच आहे की. एकवीस वर्षं."

एजंट उठला. त्याला राग आलेला दिसत नव्हता, आणि मास्तरांना त्याचाच राग आला.

"घर तुमचं, मर्जी तुमची. कागद राहू देत. पटलं तर सही करा, नाही तर कळवा." दारात चपला घालताना तो बायकोकडे वळला. "ताई, तुम्ही खाली सोडायला येऊ नका. उगीच जिने."

दार लागलं. बायको कप गोळा करून आत गेली. मास्तरांनी कागद सुलटा केला. मागे चार पानांचा फॉर्म जोडलेला होता, सगळा एजंटच्या बारीक अक्षरात भरलेला. कुठल्या खिडकीतून किती वाजेपर्यंत ऊन, पाणी केव्हा येतं, वरच्या मजल्यावर कोण राहतं. एकेक ओळ वाचताना मास्तर चूक शोधत होते. सापडली नाही.

शेवटच्या पानावर छापलेला प्रश्न होता : विकण्याचं कारण.

मास्तरांनी ते मनातल्या मनात आधीच भरून टाकलं. मुलगी लग्न होऊन गेली, दोघांना तीन खोल्या कशाला. मग त्यांनी खालचं वाचलं.

'तिसरा मजला, लिफ्ट नाही. ताईंचे गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसावं लागतं, पाच ते दहा मिनिटं. पुढचं घर तळमजल्यावरच बघायचं.'

मास्तरांनी ते पुन्हा एकदा वाचलं. बाजारातून परतताना दोन्ही पिशव्या तेच उचलायचे. झपझप वर येऊन कुलूप काढायचे, पंखा लावायचे. बायको बऱ्याच वेळानं यायची. भेटली असेल कुणी शेजारीण, बसली असेल गप्पा मारत, असं ते धरून चालले होते.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

नळ बंद झाला. "काय?"

"गुडघे."

ती हात पुसत दारात आली. त्यांच्या हातातलं पान तिनं बघितलं. "झालं असेल दीड वर्ष."

"मला बोलली नाहीस."

"त्यांनी विचारलं," ती म्हणाली. "घर का विकताय, म्हणून."

परक्या माणसाच्या अक्षरात बायकोचे गुडघे वाचताना मास्तरांचे कान तापले होते. त्यांनी दोन्ही कार्डं उचलून फाडली, पेन काढलं आणि करारपत्राच्या तळाशी सही केली. सही करतानाही पोटात दुखतच होतं.

"अजून काय काय विचारलं त्यानं?"

बायकोनं त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि टेबलाला हात टेकत हळूहळू बसली.

"तुम्ही विचारा की," ती म्हणाली.

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं. बायको वाट बघत होती.