लेकरं बरे हायेत ना?

राखीचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, आणि तिला दवाखान्यात न्यायची घरात कोणाची छाती होत नव्हती.

जानेफळचा दवाखाना काही लांब नव्हता. पण गल्लीतून बाहेर पडायची वाट एकच, आणि ती नारायणरावांच्या ओट्यासमोरून जायची. नारायणराव निकालापासून ओट्यावरून हलले नव्हते. सरपंचकीत ते एका मतानं पडले. पडल्यावर त्यांनी आदळआपट केली नाही की कोणाला शिवी दिली नाही. "देवाच्या काठीले आवाज नसते," एवढंच म्हणाले आणि वाट पाहत बसले.

कारण मतदानाच्या आदल्या दिवशी या गल्लीतल्या अकराही घरांनी त्यांना शब्द दिला होता, आणि तोही साधासुधा नव्हे. दारात एक लेकरू उभं करायचं, घरातल्या मोठ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि नारायणरावांच्या निशाणीचं नाव घेऊन म्हणायचं, "मत छत्रीले." तरी नारायणराव पडले. म्हणजे कोणीतरी लेकराच्या जिवावर खोटं बोललं होतं. आता ते लेकरू कोणतं, ते कळायचं तेवढं बाकी होतं.

तेव्हापासून ते जाणाऱ्या-येणाऱ्याला हसून विचारत, "लेकरं बरे हायेत ना?" गल्लीत पोर नुसतं खोकलं तरी आया त्याला घरात ओढून दार लावत.

डास काही मतदारयादी पाहून चावत नाही. पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण? त्यात ज्ञानेश्वर नारायणरावांचंच वावर बटईनं, निम्म्या वाट्यावर, करत होता. तो खिशात लपवून गोळ्या आणायचा. त्याची बायको पुष्पांजली राखीच्या कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत राहायची. आज सकाळी राखीनं आईला ओळखलं नाही.

पुष्पांजलीनं तिला उचलून खांद्यावर घेतलं. "मी चालली दवाखान्यात."

"येडी झाली काय वं?" ज्ञानेश्वर दारात आडवा झाला. "तो ओट्यावर बसेल हाये. वावर जाईन आपल्या हातचं."

"आपून त छत्रीलेच देल्लं ना? मंग काऊन भेवाचं?"

तो दारातून सरकला नाही. पुष्पांजलीच्या मनात पाल चुकचुकली. तिनं धाकट्या शिवमला दंडाला धरून त्याच्यासमोर उभं केलं. "ठेवा याच्या डोक्यावर हात, अन् सांगा."

ज्ञानेश्वरनं हात ठेवला. "छत्रीलेच देल्लं. याची आन."

मग ती सासूकडे वळली. "आत्याबाई, आता तुमी."

तानुबाई चुलीपुढून उठली. तिनं शिवमला हिसका देऊन आपल्या मागं घेतलं. "त्याच्या डोक्यावर नाही ठेवत मी हात."

पुष्पांजलीला तो दिवस लख्ख आठवला. नारायणरावांची माणसं आली तेव्हा दारात शिवमच खेळत होता. सासूनंच त्याला उचलून आत नेलं आणि राखीला पुढं केलं. "लेक घरची लक्ष्मी असते," असंही म्हणाली होती. पुष्पांजलीला तेव्हा किती बरं वाटलं होतं!

"म्हंजे तुमचं तवाच ठरेल होतं?"

"त्या घराले म्या मेली तरी मत देल्लं नसतं," तानुबाई म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

पुष्पांजलीला तिचा गळा धरावासा वाटला. पण हात मोकळे नव्हते. नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारून ती भर उन्हात बाहेर पडली.

गल्लीतले लोक दारादारांत येऊन उभे राहिले. कोणी हाक मारली नाही. बायकांनी आपापली पोरं जवळ ओढली. दहा घरांचा जीव भांड्यात पडला होता, आणि तो चेहऱ्यांवर दिसत होता.

ओट्यावरून नारायणराव पुढं झुकले. "काय झालं वं पोरीले?"

"ताप हाये, भाऊ. चार दिस झाले." त्यांची जीप ओट्याशीच उभी होती. पुष्पांजलीनं लाज गिळली. "गाडी भेटली असती त उपकार झाले असते. पोरगी डोये उघडून नाही राह्यली."

नारायणरावांनी राखीचा चेहरा नीट न्याहाळला. निकालानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर तेज आलं. चपला काढून ते उभे राहिले आणि समोरच्या मारुतीला त्यांनी हात जोडले. डोळे भरून आले होते त्यांचे.

"देव हाये, बाप्पा! देव हाये!" मग त्यांनी ओट्यावरच्या माणसाला हाक दिली. "शेषराव, गाडी काढ. जानेफळले जाय."

पुष्पांजली राखीला सावरत जीपकडे धावली.

"अन् एकावन्न नारळ घेऊन ये," नारायणराव म्हणाले. "मारोतीपुढं फोडाचे हायेत."

जीप पुष्पांजलीच्या शेजारून निघून गेली. मागची सीट रिकामी होती.