डोळे मिटून सांगा

शुगरनं कृष्णातच्या उजव्या पायाची जाणीव गेली होती. उभा जन्म वाशीच्या बाजारात गोणी वाहिलेला तो पाय आता खिळा रुतला तरी गप्प राही. "रोज कापूस फिरवून बघा. पायाला काही कळतंय का, त्यावर पाय ठेवायचा की काढायचा ते ठरवू," डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून घणसोलीच्या त्या खोलीत देवापुढे दिवा लावला की त्याची बायको शालन एक कोरडी वात घेऊन त्याच्या पायाशी बसे.

"डोळे मिटा. चोरून बघायचं न्हाय हं."

"अगं, मी काय पोर हाय व्हय?"

तिनं अंगठ्यावरून वात फिरवली. तो गप्पच. टाचेवरून फिरवली. तरी गप्पच. वात खाली ठेवून तिनं देवाकडं तोंड करून हात जोडले.

"करंगळी," कृष्णात एकदम म्हणाला. "आता तळवा. हळू की, गुदगुल्या हुत्यात."

शालनचे हात जोडलेलेच होते. तिनं वळून पाहिलं. कुणी चिमटीत धरावा तसा त्याचा अंगठा सावकाश वर उचलला जात होता.

"वर," तो हसला. "बरोबर न्हवं?"

"बरोबर," ती कशीबशी म्हणाली. हात कुणाचा का असेना, तो निघून जाऊ नये म्हणून ती जागची हलली नाही.

"आता रडतीस कशाला, येडे?" त्याचा आवाज हळवा झाला. "पायावर थेंब पडला की गं. ऊन ऊन."

पाऊल खरंच ओलं झालं होतं. शालननं डोळ्यांना बोट लावून पाहिलं. ते कोरडे होते.