निरोपाची ओळ

सिंथेसायझरचा सूर मध्येच थांबला. स्टुडिओतल्या काचेपलीकडून संगीतकार उवे म्हणाला, "हेमांगी, ओळ 'मी जाते' अशी आहे. तू पुन्हा 'मी येते' असंच गायलीस."

हॅम्बुर्गमध्ये राहून हेमांगीचं जर्मन पक्कं झालं होतं. पण उवेच्या गाण्यातली बाई घर सोडून निघाली, की हिची जीभच रेटत नसे.

"आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत," ती ओशाळून म्हणाली. "'येते' म्हणतात."

"पण ही परत येणार नाहीये."

"तरीसुद्धा."

गाणं उवेला सोडून गेलेल्या बायकोवर होतं, एवढं तिला ठाऊक होतं. त्याने ड्रम मशीन बंद केलं आणि नुसता एक लांब सूर धरून ठेवला.

"'येते' असंच गा," तो म्हणाला. "निदान गाण्यात तरी."