प्रियांकाताईचा हातगुण

"ताई, आज कॅटॅलिस्ट तुमच्या हातानं टाका," हरिओमने खरवसाचा डबा खिडकीत ठेवला. "माय म्हनली, पेरणीची पहिली मूठ हातगुण असलेल्यानंच टाकावी. आज बी न्हाई जमलं तर मी सरांला सांगून मेंढरामागं जायलोय."

परभणीच्या त्या कॉलेजच्या रसायनशाळेत प्रियांकाच्या हाताचा मोठा गवगवा होता. तिच्या संशोधनातला क्लोरीनवाला रेणू दोन तऱ्हांचा निघतो, डावा आणि उजवा, एकाच जोडाच्या दोन चपलांसारखा. औषधाला उजवाच चालतो. रेणू घडवणाऱ्या प्रियांकाच्या कॅटॅलिस्टने शंभरात अठ्ठ्याण्णव उजवे दिले असं शोधनिबंधात छापून आलं आणि सरांनी तिला शाल पांघरली. चुडाव्याच्या मेंढपाळाचा हा हुशार पोरगा दिवाळीपासून तीच कृती करत होता. त्याची गाडी ऐंशीच्या पुढे सरकत नव्हती.

सरकणार कशी? प्रियांकालाही ऐंशीच मिळाले होते. मग तिने त्या मालाचे खडे पाडले. उजवे खड्यांत जमले, डावे बरेचसे वरच्या पाण्यात राहिले. ते पाणी तिने बेसिनात ओतलं, नुसते खडे मशीनवर मोजायला दिले आणि श्रेय दिलं कॅटॅलिस्टला. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण हरिओम "माझा हातच वंगाळ" म्हणाला की तिला त्याच्याकडे बघवत नसे.

आता सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. तिने चिमूटभर कॅटॅलिस्ट टाकला.

संध्याकाळी मशीनवर आकडा आला. एकोणऐंशी.

प्रियांकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरिओम, तुझ्या हातात काही खोट न्हाई. ऐक तर..."

"तुमचा आकडा कशाला घटंल, ताई?" तो हळूच म्हणाला. "मी बाजूला हुबा व्हतो ना, म्हनून झालं."

"अरे, तसं नसतं!"

"मी भाईर थांबतो. तुमी परत एकदा टाका."

तिचं पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. दार त्याने हलकेच ओढून घेतलं. काचेतून व्हरांड्यातली त्याची पाठ दिसत होती. आपली नजरसुद्धा आत पडू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.