बिनमिठाचा मासा

नवऱ्याने पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला उचलून घटाघटा अर्धा संपवला.

"काटा लागला का?" तिने विचारलं.

"छे! मस्त झालाय." आणि पुन्हा पेला तोंडाला.

बिनमिठाचा मासा खाऊन कुणाला एवढी तहान लागते? तिने हात लांब करून त्याच्या ताटातला तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. नुसतं मीठ! सकाळी स्वतः ताजा मासा पारखून आणला होता. लिंबू, लसूण, मिरपूड लावून वाफवला होता. तेलाचा थेंब नाही, मिठाचा कण नाही. दोन महिने ती हेच करत होती आणि परवा डॉक्टरीणबाई तिच्यावरच डाफरल्या होत्या, "ह्यांचा रक्तदाब उतरत कसा नाही? मीठ बंद म्हणजे बंद, कळतं का बाई?" चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

"मीठ कुणी घातलं?"

"चिमूटभर गं," सासूबाई पुटपुटल्या. "तू लिंबू आणायला आत गेलीस तेव्हा. रोज घालते तेवढंच. पोराच्या घशाखाली उतरत नाही हे अळणी."

"आजी, तू पण?" मुलगी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "मी तर ओट्यावरच घालते, बाबांच्या तुकड्यावर. परवापासून त्यांचा चेहरा एवढासा झालाय, म्हणून आज जरा जास्त घातलं."

ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"एवढ्या मायेनं घालतात," तो ताटात बघत म्हणाला. "म्हटलं, कशाला कुणाचं मन मोडायचं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राखा! सगळ्यांची मनं राखत राखत जाल एक दिवस. मग ह्याच आल्यागेल्याला सांगतील, बायकोनं नीट खायला घातलं नाही म्हणून."

"अगं, भरल्या ताटावर असं अभद्र बोलू नये," सासूबाई म्हणाल्या.

"मी बोलायचंही नाही, आणि तुम्ही मीठ घालायचं?"

तिने त्याचं ताट उचललं, सिंकमध्ये नळ सोडला आणि तो तुकडा धारेखाली धरला. लिंबू गेलं, लसूण गेली, मिरपूड गेली. मासा तिच्या बोटांत तुटत होता. उरलेला पांढराफटक गोळा ताटात घालून तिने ते त्याच्यापुढे आदळलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

नवऱ्याने आईकडे पाहिलं.

"तिकडे काय बघता? त्यांचा लेक आहात, हिचे बाबा आहात, सगळं कबूल," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "पण मला नवरा जिवंत हवाय. खा."